चांदणीची लाल कालवड

"आवं डॉक्टर, ही तर लाल हाय!"

सोनलच्या तोंडून हे निघालं तेव्हा बिरदेव मारकड कोपरापर्यंत चिकट होऊन पाचटावर बसला होता आणि त्याच्या पुढ्यात नुकतीच जमिनीवर आलेली कालवड शिंकत होती. तिची आई चांदणी चांगली काळी-पांढरी एचएफ, म्हणजे विलायती जातीची गाय. कालवड मात्र तांबडीलाल, कपाळ फुगलेलं, कान विड्याच्या पानांसारखे लांब आणि लोंबते. आईचा एक केस लेकीच्या अंगावर नव्हता. चांदणीला त्याचं काहीच वाटलं नाही. तिनं मान वळवली, लेकीला हुंगलं आणि खरखरीत जिभेनं चाटायला सुरुवात केली.

"लालच पायजे हुती, सोनल," बिरदेव म्हणाला. डोळे पुसायला त्यानं हात वर नेला, हाताची अवस्था बघितली आणि तसाच खाली घेतला.

"रडतुयास व्हय रं बिरदेवा?" चांदणीची मालकीण कुशाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तुझी लेक बाळंत झाली तवा बी रडला न्हवतास."

"तितं डॉक्टरीन हुती, आक्का. हितं मीच हुतो."

बिरदेवला पळसदेवच्या पंचक्रोशीत सगळे डॉक्टर म्हणतात, पण तो डॉक्टर नाही. गाई-म्हशी भरवण्याचं, म्हणजे कृत्रिम रेतनाचं, रीतसर शिक्षण घेतलेला साधा माणूस. अठ्ठावीस वर्षं मोटरसायकलला वळूंच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या ठेवलेलं नायट्रोजनचं कॅन बांधून तो उजनीच्या पाण्याच्या कडेकडेनं वाड्यावस्त्या पालथ्या घालतो. आसपासच्या निम्म्याअधिक गाईंचे बाप त्या कॅनमधून निघाले आहेत, असं लोक चेष्टेनं म्हणतात आणि हिशेब केला तर ते खोटं नाही.

पण या कालवडीची गोष्ट वेगळी होती. तिचा बापच नव्हे, तिची आईसुद्धा कॅनमधून आली होती. बारामतीच्या एका प्रयोगशाळेत एक उंचपुरी, तांबडी गीर गाय होती. तिचं बीज तिथल्या शास्त्रज्ञ राजलक्ष्मी मॅडमनी अलगद काढून काचेच्या ताटलीत फळवलं, सात दिवस उबेत ठेवलं आणि मग गोठवलं. गोठवण्याआधी मॅडमनी बिरदेवला बोलावून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. आत एक गोल, पारदर्शक ठिपका दिसला. मोहरीच्या दाण्याचे शंभर तुकडे करावेत आणि त्यातला एक उचलावा, एवढा. "ही गाय आहे," मॅडम म्हणाल्या. बिरदेवनं हात जोडले. मॅडमना, त्या ठिपक्याला की ज्यानं हे पहिल्यांदा शोधून काढलं त्या कुण्या माणसाला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

तो ठिपका बिरदेवच्या कॅनमधून पळसदेवला आला आणि मॅडमनी स्वतः येऊन चांदणीच्या पोटात सोडला. कुशाबाईनं आपली गाय या उद्योगाला दिली, पण एका अटीवर.

"जमिनीवर पडंस्तवर तोंडातनं शब्द काढायचा न्हाय. गाभण जनावराची वाच्यता केली की दिष्ट लागती. बिरोबाची आन हाय तुला."

बिरोबाची आण म्हटल्यावर प्रश्न मिटला. नऊ महिने चांदणीनं वासरू पोटात ठेवलं आणि बिरदेवनं बातमी. दोघांमध्ये जास्त अवघडलेलं कोण होतं, हे सांगणं कठीण. चहाच्या टपरीवर तो दोनदा बोलता बोलता थांबला होता आणि एकदा तर जीभ चावून घेतली होती.

आता मात्र आण सुटली. सोनल म्हणजे कुशाबाईची सून. तिनं मायलेकींचा छान फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपचं नाव होतं 'गाव करील ते राव काय करील' आणि त्यात दोनशे छप्पन माणसं होती. खाली तिनं लिहिलं, 'आमच्या चांदणीला कालवड झाली. बिरदेव डॉक्टरांचे आभार.' मग ती शेणघाण काढायला गेली आणि बिरदेव आंघोळीला घरी गेला. आज चार लोक विचारतील, आपण चारचौघांत सगळं पहिल्यापासून सांगू, असा विचार करत त्यानं दोन तांबे पाणी जास्तच घेतलं.

पहिला प्रश्न साडेसातला आला. रणजित नावाच्या तरुणानं विचारला होता. त्याच्या स्वतःच्या गोठ्यात सहा एचएफ होत्या आणि ग्रुपचा कारभारही तोच पाही. 'एचएफच्या पोटाला गावठी कालवड? डॉक्टर, कांडी कुठली भरली?'

प्रश्न वाजवी होता. साडेसातला वाजवी होता. पावणेआठला 'चुकीची कांडी भरली' असं ठरलं. आठला ती 'मुद्दाम बदलली' असं झालं. साडेआठला गेली अकरा वर्षं हडपसरला राहणाऱ्या आणि तेवढ्या काळात गाईच्या शेपटीलाही हात न लावलेल्या एका गृहस्थांनी 'अशांची गावातून धिंड काढा' असं सुचवलं. संभाजी नावाच्या दुसऱ्यानं आपली म्हैस तीन वर्षांपूर्वी गाभण न राहता का उलटली, याचं कोडं आज सुटल्याचं जाहीर केलं. मधेच गावठी गाय चांगली की एचएफ यावर दोन तट पडले आणि दोन्ही तटांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की दोष बिरदेवचा.

नऊला व्हिडिओ आला. कालवडीचा फोटो, त्यावर लाल प्रश्नचिन्ह, मागं ढणढण वाजणारा ढोल आणि मोठ्या अक्षरात 'शेतकऱ्यांनो सावधान!' शेवटी बिरदेवचा फोटो. सांगोल्याला मेहुण्याच्या मुलीच्या लग्नातला, डोक्याला भगवा फेटा बांधलेला. आपण त्यात बरेच रुबाबदार दिसतो, एवढं बिरदेवलाही त्या अवस्थेत मान्य करावं लागलं.

त्यानं उत्तर लिहिलं. एका बोटानं, चाळीस मिनिटं खपून. गीर गाय, काचेची ताटली, सात दिवस, चांदणीचं पोट, सगळं लिहिलं. पाठवलं. लगेच त्याखाली कुणीतरी गुलाबाच्या फुलासकट 'शुभ सकाळ' टाकलं. त्याखाली आलं, 'एवढं कोण वाचणार?' त्याखाली, 'गाईचं बीज ताटलीत? आम्हाला येडं समजता काय?' आणि पाच मिनिटांत बिरदेवची चाळीस मिनिटं कुठल्या कुठं वर निघून गेली.

शिव्यांचं त्याला एवढं काही नव्हतं. गोठ्यात काम करणारा माणूस गाईच्या लाथा खातो, तिथं शब्दांचं काय. पण फोनची घंटा वाजत नव्हती, तेच त्याला खाऊ लागलं. एरवी दहा वाजेपर्यंत सात-आठ बोलावणी येत. गाय माजावर आली की दिवसभरात भरवावी लागते, नाहीतर एकवीस दिवस वाया, म्हणून लोक पहाटेपासून फोन करतात. आज फोन नुसता टिंगटिंग करत होता, वाजत नव्हता. रणजितची गाय काल संध्याकाळी माजावर आली होती आणि आज तिथं बिरदेवनंच जायचं ठरलं होतं. रणजितनं भिगवणच्या माणसाला बोलावल्याचं ग्रुपवरच वाचायला मिळालं. अठ्ठावीस वर्षांत त्यानं एक गोष्ट कमावली होती, कुठल्याही गोठ्यात न विचारता शिरण्याइतका लोकांचा विश्वास. तोच आज सकाळी साडेसात ते दहा या वेळात हातातून निसटत होता.

अकरा वाजता तो कुशाबाईकडं गेला. तिच्याकडं बटणांचा साधा फोन. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. सोनलला ठाऊक होतं आणि ती चुलीपुढं रडवेली होऊन बसली होती.

"माज्यामुळं झालं, डॉक्टर. फुटू टाकायच्या आदी दोन वळी लिवायला पायजे हुत्या."

"तुजं काय न्हाय पोरी. आन सुटली, पर सांगायची सवड मला मिळाली न्हाय, एवढंच."

कुशाबाईनं दोघांकडून सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "किती जण हायती त्या भांडनात?"

"दोनशे छप्पन."

"आन सकाळधरनं कालवड बघाया किती आलं?"

बिरदेवनं रिकाम्या अंगणाकडं बघितलं.

"एक बी न्हाय," कुशाबाई म्हणाली. "माज्या सासूच्या काळात गाय व्याली की उंबऱ्यावर पाय ठिवाया जागा नसायची. बरं मग. ती येत न्हाईत तर आपुन बोलावू. सोनल, चीक किती निघालाय?"

"वासराला पाजून बी दोन बादल्या हाय, आत्या."

"गूळ फोड. आन बिरदेवा, तू हाटायचं न्हाय. तूच घिऊन जायचं घरोघर. ज्यानं जास्त शिव्या दिल्या त्याच्या घरी आदी."

"आक्का, मी न्हाय जायाचा. तोंड कसं दावू?"

"तोंड? तू काय चोरी केलीयास? आन चीक घिऊन आलेल्या मानसाला आजवर कुनी दारातनं हाकललंय का?"

हे खरं होतं. गाय व्याली की चीक शेजारीपाजारी वाटायचा, ही या भागातली जुनी रीत. भाऊबंदकीत कोर्टकज्जे चालू असले तरी चिकाचं भांडं कुणी माघारी पाठवत नाही आणि ते भांडं परत देताना कुणी रिकामं देत नाही. चिमूटभर साखर तरी, नाहीतर मूठभर जोंधळे. रिकामं भांडं दिलं तर गाय आटते, असं म्हणतात. खरं-खोटं गाईला माहीत, पण ती जोखीम आजवर कुणी घेतलेली नाही.

दुपारी तीनला बिरदेव हातात झाकलेलं पातेलं घेऊन रणजितच्या अंगणात उभा राहिला. रणजित निंबाखाली बाजेवर पालथा पडून फोनवर टाइप करत होता. त्यानं मान वर केली नाही. त्याचा अंगठा भराभर चालला, थांबला आणि बिरदेवच्या खिशात टिंग वाजलं. अंगठा पुन्हा चालला, पुन्हा टिंग. तिसऱ्या टिंगला रणजितनं दचकून वर बघितलं.

"डॉक्टर! तुमी?"

"चालू दे तुजं," बिरदेव म्हणाला. "सावकाश लिव. मला काय घाई न्हाय."

रणजितच्या चेहऱ्यावरचा रंग त्या कालवडीसारखा झाला. तेवढ्यात त्याची आई सरुबाई पदराला हात पुसत बाहेर आली. तिलाही या सगळ्या रामायणाचा पत्ता नव्हता. ग्रुपवर गाव पेटलं होतं, पण घराघरांत बायका शेंगा फोडत होत्या.

"चीक? कुनाची व्याली वं?"

"कुशाक्काची चांदणी. लाल कालवड झालीया, गीर."

"गीर? चांदणीच्या पोटाला? ती कशी काय?"

रणजित उठून बसला. बिरदेवनं घसा खाकरला. चाळीस मिनिटं लिहिलेलं सगळं त्याच्या जिभेवर आलं, बीज, ताटली, तापमान. पण सरुबाईच्या पायाशी एक कोंबडी पिल्लं घेऊन फिरत होती, तिच्याकडं बघून त्यानं सगळं बाजूला ठेवलं.

"सरुआक्का, खुडूक कोंबडीखाली तुमी दुसऱ्या कोंबडीची अंडी ठिवता का न्हाय?"

"ठिवते की. गेल्या साली बदकाची ठिवली हुती. पिल्लं भडवी पान्यात शिरली आन कोंबडी काठावर बोंबलत बसली."

"मग झालं तर. अंडं बारामतीच्या गाईचं, ऊब आपल्या चांदणीची."

 सरुबाईनं गालावर हात ठेवला. "आगं बया! गाईचं अंडं? आन ते आनलं कशात?"

"माज्या कॅनात. फटफटीवरनं."

"रणज्या!" सरुबाई गर्रकन वळली. "ऐकलंस का? आन तू हितं पालथा पडून काय बगतोयास? ऊठ. चप्पल घाल. मला बगायचीय ती."

दुपारभरात बिरदेव तेवीस घरी गेला. दर घरी कोंबडी सांगितली. दोन घरी तर त्याच्या आधी कोंबडीच पोचली होती, कारण सरुबाई वाटेत जो भेटेल त्याला सांगत सुटली होती. संध्याकाळी कुशाबाईच्या गोठ्यापुढं चपलांचा ढीग पडला. बाया पुढं, गडी मागं. संभाजीही आला होता आणि म्हशीचा विषय त्यानं काढला नाही. म्हाताऱ्या गेणबातात्यांना दिसतं कमी, म्हणून ते वाकून कालवडीचे कान हातानं चाचपत होते.

"म्हंजी हिची आई बारामतीत हुबी हाय?"

"व्हय तात्या."

"आन लेक हितं?"

"व्हय."

"आन मदी?"

"मदी माज्या फटफटीवर."

सगळा गोठा हसला. बिरदेवही हसला. मग त्यानं मोटरसायकलवरचं कॅन उतरवून आणलं आणि झाकण काढलं. पांढरी वाफ तोंडावरून खाली घरंगळत आली. पुढची माणसं मागं सरली आणि मागची पुढं आली. शून्याच्या खाली एकशे शहाण्णव अंश, तो म्हणाला, आत जीव झोपतो पण मरत नाही. किती वर्षं झोपतो? लई वर्षं. आपल्या नातवंडांच्या गोठ्यात उठवता येईल इतकी. हे शोधून काढायला शंभरेक वर्षं गेली, तात्या. कुठल्या कुठल्या मुलखातल्या माणसांनी जन्म घालवले, एकानं सोडलं ते दुसऱ्यानं धरलं, आणि त्याचं फळ आज आपल्या पळसदेवात पाचटावर उभं आहे.

नऊ महिने दाबून ठेवलेलं सगळं तो बोलला. कुणी मधे बोललं नाही. फोन खिशात टिंगटिंग करत होते, पण कुणी बघितलं नाही. बिरदेवला इतकं सुख झालं की आपण थोडं जास्तच बोलतोय, हे कळूनही त्याला थांबवेना.

गर्दी पांगल्यावर रणजित मागं घुटमळला. चपलेच्या टोकानं माती उकरत म्हणाला, "डॉक्टर, आमच्या गाईला बी आसलं काय बसंल का?"

"बसंल की. पर तुजी गाय भिगवणवाल्यानं भरली ना?"

"त्यो आलाच न्हाय. येतो म्हनला आन फोन बंद."

"आरं मग येड्या, माज निगून चाललाय तिचा. बस मागं."

रणजितनं कॅन मांडीवर घेतलं आणि बिरदेवनं मोटरसायकलला किक मारली. वाटेत सकाळचा विषय कुणीच काढला नाही. गाय भरवून झाल्यावर रणजितनं त्याच्या हातावर पाणी घातलं, साबण दिला आणि स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल पुढं केला. मग त्यानं ग्रुपवर लिहिलं, 'प्रत्यक्ष बघून आलो. डॉक्टर बरोबर आहेत. सर्वांनी येऊन बघावे.' त्याला दोन अंगठे आले. त्याखाली कुणीतरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचा फोटो टाकला होता आणि त्यात कुणाचा तरी चेहरा इतरांपेक्षा लहान छापला गेला होता. गाव तिकडं धावलं.

दुसऱ्या दिवशी भांडी परत आली. तेवीसच्या तेवीस. कुणात साखर, कुणात गूळ, कुणात जोंधळे. धरणावर मासे धरणाऱ्या मोनाच्या घरून पातेल्यात साखर आली आणि 'हे दुधाच्या भांड्यात न्हाय घातलं' अशा निरोपासह वेगळ्या डब्यात तळलेली चिलापी. रणजितच्या घरच्या पातेल्यात तर साखर शिगोशीग होती. कुशाबाईनं बिरदेवला बोलावून सगळी भांडी ओळीनं दाखवली आणि म्हणाली, "मोज." त्यानं मोजली नाही. फोन वाजत होता, लाखेवाडीहून बोलावणं होतं.

पंधरा दिवसांनी तो कालवडीला बघायला आला. ती आता चौखूर उधळत होती आणि दमली की चांदणीच्या काळ्या-पांढऱ्या पोटाखाली शिरत होती. तेवढ्यात सांगोल्याच्या मेहुण्याचा निरोप आला. व्हिडिओ होता. वर लिहून आलं होतं, 'अनेक वेळा पुढे पाठवलेला'. तोच ढोल, तीच अक्षरं, तोच फेटा. खाली मेहुण्यानं लिहिलं होतं, 'पाव्हणं, ह्यो तुमच्याच धंद्यातला दिसतोय. आसल्यांपासून जपून ऱ्हावा.'

बिरदेवनं फेट्याकडं पुन्हा एकदा नीट बघितलं. तो त्या दिवशी मेहुण्यानं स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्याला बांधला होता.

तो इतका हसला की सोनल घरातून बाहेर आली. हसता हसता मात्र त्याच्या ध्यानात आलं, की चीक तेवीस घरी गेला आणि हे कुठवर गेलं असेल, त्याला काही माप नाही. सगळ्या मुलखात पातेलं घेऊन एक माणूस किती हिंडणार? त्यानं एका बोटानं लिहिलं, 'चीक संपला. पण कालवड हाय. एकदा येऊन बघा.'

मेहुण्यानं अंगठा पाठवला.

बिरदेवनं फोन खिशात टाकला. कालवडीनं त्याच्या शर्टाचं टोक तोंडात धरलं होतं आणि मन लावून चोखत होती. लाखेवाडीहून आजही बोलावणं होतं, पण तो थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि तिनं आपण होऊन सोडल्यावर निघाला.